चाक आणि मडगार्डमधली चार बोटं

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातली पांदण. रात्री पाऊस होऊन गेलेला, सकाळी लख्ख उघाड. २०१६ च्या मॉडेलची माझी हिमालयन मोटरसायकल पन्नास-साठ पावलं गेली आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. मागचं चाक जागच्या जागी घुमतंय, पुढचं नांगरासारखं घसटतंय. धुऱ्यावरचा माणूस थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "भाऊ, गाडीले काई झालं नाई. गारा काढा पयले." हातात तुराटी दिली. अर्धा तास मी मडगार्डखालून माती कोरत होतो.

वाशीमची काळी माती बेसाल्टची लेक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक झिजून ती झाली. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पापुद्र्यांचं असतं, पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं. एका ग्रॅममधल्या सगळ्या पापुद्र्यांचा पृष्ठभाग मांडला तर शेकडो चौरस मीटर भरतो. चिकटायला एवढी जागा! पाऊस धो धो पडत असताना ही माती पातळ होऊन वाहते आणि गाडी निघून जाते. घात होतो तो उघाड पडल्यावर, माती अर्धवट सुकून कणकेसारखी झाली की. त्यात सोयाबीनचं कुटार मिसळलं तर विचारूच नका. भिंत लिंपायला चालेल असा गिलावा तयार.

पण हीच माती डांबरी रस्त्यावर आलो की उडून का जाते? हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची. टायर धरून त्रिज्या साधारण ३५ सेंटिमीटर. ताशी ६० किलोमीटरला टायरवरच्या ढेकळाला धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या सुमारे ८० पट जोर लागतो. तेवढा चिकटपणा गाऱ्यातही नाही. ढेकूळ सुटतं आणि स्पर्शरेषेत भिरकावलं जातं. ताशी १० ला तो जोर जेमतेम सव्वादोन पट. वेग सहापट कमी, फेकण्याचा जोर छत्तीसपट कमी. म्हणजे पांदणीत आपण जपून, हळू जातो, तेव्हाच चाक माती सोडत नाही. ती मडगार्डच्या कडेला खरवडली जाते आणि थरावर थर बसत जातो.

या गाडीला पुढे दोन मडगार्ड. वर चोच, खाली चाकाला लगटून छोटं. (चोचीची फॅशन १९८८ च्या सुझुकी डीआर बिगपासूनची.) खालचं मडगार्ड शॉकअपच्या नळ्यांना बसतं, चाकाबरोबर वर-खाली होतं, म्हणून त्याला दोन-तीन बोटांची फट पुरते. गोटा-डांबरासाठी उत्तम, गाऱ्यासाठी सापळा. ते काढून उंच मडगार्ड लावायचं ठरवलं. उंच मडगार्ड वरच्या अंगाला, टी-प्लेटला बसतं. खड्ड्यात चाक उसळून त्याच्याकडे येतं, आणि या शॉकअपची चाल २०० मिलिमीटर. म्हणजे उभ्या गाडीत फट भरपूर दिसली तरी भरवसा नाही. मिस्त्रीने स्प्रिंगा काढल्या, चाक जॅकने पार वर दाबलं, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून पाहिलं. तेव्हा उरलेली फट चार बोटं भरली. एवढी सवड खरी. ब्रेकची नळीही खालच्या मडगार्डच्या क्लिपेतून गेलेली असते. ती मोकळी लोंबत ठेवली तर टायर तिला खाईल.

फुकट मात्र काही मिळत नाही. उंच मडगार्ड हँडलबरोबर वळतं आणि वारा झेलतं. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, ४० वरून ८० वर गेलात तर चौपट. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण तिथे दुचाकीला मज्जाव. परीक्षा झाली अकोला-हिंगोली रस्त्यावर. सत्तरच्या पुढे समोरून ट्रक गेला की हँडल हलकं होऊन डुलतं. दुसरं, आता चिखलाची पिचकारी थेट ऑईल कूलरवर. जाळी बुजली की हवा जात नाही आणि तेल तापतं. जुन्या ट्यूबचा पट्टा कापून आडवा बांधला. दिसायला भिकार, कामाला चोख.

परवा तीच पांदण पार केली. चाक फिरत राहिलं, टायरवर बोटभर लेप घेऊन. घरी आल्यावर धुतली नाही, उन्हात उभी केली. पाणी उडालं की फुगलेले पापुद्रे आवळतात, मातीला भेगा पडतात. दुपारपर्यंत अंगणात टायरच्या नक्षीचे काळे तुकडे आपसूक गळून पडलेले होते.