छपराखालचा कायदा
(लेखमाला: उघड्या आभाळाखालची संग्रहालयं)

मागच्या आठवड्यात आपण स्टॉकहोमचं स्कान्सेन पाहिलं. 1891 साली आर्थर हेझेलियस यांनी स्वीडनच्या कानाकोपऱ्यातली घरं तिथल्या टेकडीवर आणून उभी केली आणि अशा संग्रहालयांचा पाया घातला. आजचं ठिकाण त्यामानाने अगदी लहान आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला स्काय बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाजवळच्या किलमुर गावात 1965 साली हे संग्रहालय सुरू झालं. राहतं घर, विणकराचं घर, लोहारशाळा, कोठार आणि रात्री गाणीगोष्टींना जमायचं घर अशी शाकारलेली मोजकी घरं, आणि त्यांतून दिसणारं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं बेटावरचं जगणं.

आत शिरण्याआधी बाहेर थांबून बांधणी नीट पाहा. या बेटांवरच्या जुन्या घरांच्या भिंती दुहेरी, चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या. मधल्या पोकळीत माती ठासलेली. कोपरे गोलसर, म्हणजे अटलांटिकवरून येणारं वारं अडत नाही, वळसा घालून जातं. झाडं विरळ, त्यामुळे वाहून किनाऱ्याला लागलेलं लाकूडही वाशांना चाले. वर लव्हाळ्यांची किंवा हीदरच्या झुडपांची शाकारणी, तिच्यावरून आवळलेले दोर आणि दोरांच्या टोकांना लोंबते दगड. शेजारच्या लुइस बेटावर छप्पर भिंतीच्या आतल्या कडेवर टेकतं आणि भिंतीचा माथा उघडा राहतो. स्कायवर शाकारणी भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत येते. बेटागणिक बदलणारे असे तपशील सुटू देऊ नका. पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षा त्यांत आहे.

इंधन म्हणजे पीट. दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हा थर. वसंतात खास फाळाच्या अवजाराने त्याच्या विटा कापायच्या, वाऱ्यावर वाळवायच्या आणि घराशेजारी रचून ठेवायच्या. सगळ्यांत जुन्या धाटणीच्या घरांत चूल जमिनीच्या मधोमध असे. धुराडं नसे. रात्री निखारे राखेखाली जपायचे आणि पहाटे पुन्हा फुलवायचे. विस्तव विझू द्यायचा नाही. धूर शाकारणीतून झिरपत बाहेर पडे. काजळी धरलेलं ते गवत उतरवून शेतात खत म्हणून घालत. गाईगुरं त्याच छपराखाली, म्हणजे हिवाळ्यात त्यांची ऊब घरालाच. बाहेरून आलेल्या अनेकांनी या घरांना गलिच्छ म्हटलं. मला त्यांत काहीही वाया न घालवणाऱ्या माणसांचा काटेकोर हिशोब दिसतो.

तरीही एक प्रश्न उरतो. एवढं कसब अंगात असताना ही माणसं धुराडं का बांधत नव्हती? मोठी खिडकी का ठेवत नव्हती? माझ्या मते मुख्य उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. इथला शेतकरी म्हणजे कूळ. घर त्याने स्वतःच्या हाताने उभारायचं, जमीन मात्र जमीनदाराची. त्याला हुसकावलं तर घराची भरपाई नाही, आणि घर-शेत सुधारलं तर खंड वाढायची धास्ती. मेंढ्यांच्या कुरणांसाठी गावंच्या गावं उठवली गेली. लोक परतू नयेत म्हणून छपरं उतरवली, जाळली. 1846 पासून बटाट्यावरच्या रोगाने उपासमार आणली आणि बोटी भरभरून माणसं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली.

1882 साली स्कायवरच्याच ब्रेज गावात चराईच्या हक्कासाठी बायका-पुरुषांनी ग्लासगोहून आणलेल्या पोलिसांवर दगड उचलले. किलमुरच्या जमीनदारीतही खंडवाढीविरुद्ध असंतोष होता. 1883 मध्ये नेपियर आयोग बेटाबेटांवर फिरला आणि त्याने कुळांच्या साक्षी नोंदवल्या. 1886 च्या कायद्याने कुळाला जमिनीवर कायम राहण्याचा, ती वारसाला देण्याचा, वाजवी खंडाचा आणि सुधारणांच्या भरपाईचा हक्क दिला. पुढच्या दशकांत धुराडी उठली, खिडक्या मोठ्या झाल्या, गोठा घरापासून वेगळा झाला. संसदेतल्या कायद्याची खूण स्वयंपाकघरात इतकी स्पष्ट उमटलेली मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही.

संग्रहालयाजवळच्या दफनभूमीत फ्लोरा मॅक्डोनाल्डची कबर आहे. 1746 मध्ये ब्रिटनच्या गादीसाठी लढून हरलेल्या राजपुत्र चार्ल्सला वेषांतर करवून स्कायवर आणणारी ही धाडसी बाई. कबर जरूर पाहा, पण घरांना जास्त वेळ द्या. राजपुत्राच्या सुटकेची कथा पुस्तकांत सहज सापडते. कुळाच्या घराची उंची, अंधार आणि जाडी तिथे उभं राहूनच कळते.

सवड असेल तर एवढ्यावर थांबू नका. किलमुरच्या दक्षिणेला जवळच असलेल्या उइग बंदरातून हॅरिस बेटावरच्या टार्बर्टला बोट जाते. तिथून रस्त्याने, त्याच भूभागावरच्या लुइसमधलं आर्नोल गाठा. तिथल्या 42 क्रमांकाच्या घरात 1960 च्या दशकापर्यंत कुटुंब राहत होतं, आणि आजही मधल्या चुलीत पीट पेटवतात. स्कायचं संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं, त्यामुळे प्रवास उन्हाळ्यातच आखा आणि निघण्यापूर्वी वेळा तपासून घ्या.