रस्ता न्यूयॉर्कचा, परवानगी ऑल्बनीची

(शहरांचा कारभार : लेखांक ५)

न्यूयॉर्क शहराची लोकसंख्या ऐंशी लाखांवर, वार्षिक अर्थसंकल्प शंभर अब्ज डॉलरांच्या पुढे. तरीही शाळेसमोरून भरधाव जाणाऱ्या गाडीचा कॅमेऱ्याने फोटो काढून मालकाला दंडाची नोटीस धाडायची, तर या शहराला राज्याची परवानगी लागते. ती मिळते सुमारे २४० किलोमीटर उत्तरेला, राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत. मागच्या लेखांकात नगर परिषदेचे स्वतःचे अधिकार पाहिले. ते जिथे संपतात तिथून या वेळी पुढे जाऊ.

ऑल्बनीत राज्याच्या विधिमंडळाचे अधिवेशन जानेवारीत भरते आणि जूनच्या सुमारास आटोपते. तेवढ्यात हजारो विधेयके दाखल होतात. त्यांतली आपल्या शहराला झळ पोचवणारी किंवा उपयोगाची कोणती, हे हुडकायला महापौरांची माणसे ऑल्बनीत असतात. नगर परिषदेची वेगळी. विधेयक हाती आले की ते संबंधित खात्याकडे जाते. खर्च किती, अंमलबजावणी कोण करणार, हे खात्याने कळवल्यावर शहराची भूमिका ठरते आणि तिचे टिपण आमदारांपर्यंत पोचते. असेम्ब्ली आणि सिनेट या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळाली तरी काम संपत नाही. सही करा किंवा करू नका, असे पत्र महापौर राज्यपालांना पाठवू शकतात.

न्यूयॉर्क राज्याच्या घटनेच्या नवव्या अनुच्छेदाने शहरांना एक संरक्षण दिले आहे. एखाद्याच शहरापुरता कायदा करायचा असेल, तर आधी त्या शहराची विनंती हवी : परिषदेच्या दोन तृतीयांश सदस्यांची, किंवा महापौरांची आणि तिला परिषदेच्या बहुमताची जोड. ऑल्बनीत याला ‘होम रूल मेसेज’ म्हणतात. विनंती ठरावीक मसुद्यापुरतीच असते. दुरुस्ती झाली की विधेयकाच्या क्रमांकापुढे ‘ए’, ‘बी’ अशी अक्षरे लागतात आणि नव्या मसुद्यासाठी परिषदेला नवा ठराव करावा लागतो. म्हणून अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसांत या अक्षरांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली जाते.

हे संरक्षण वाटते तितके भक्कम मात्र नाही. विषय साऱ्या राज्याच्या हिताचा असेल, तर शहराची विनंती लागत नाही, अशी भूमिका राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२९ साली, भाडेकरूंच्या इमारतींविषयीच्या खटल्यात घेतली. ती आजही टिकून आहे.

आता कॅमेरे. २०१३ साली राज्याने शहराला शाळांच्या परिसरात २० ठिकाणी वेगमापक कॅमेरे लावू दिले. २०१४ साली १४०. दंड ५० डॉलर, तोही शाळेच्या दिवशी, ठरावीक वेळातच. शिवाय कायद्याला मुदत होती. ती संपत आली तेव्हा असेम्ब्लीने नूतनीकरण मंजूर केले, सिनेटमध्ये ते अडले आणि २५ जुलै २०१८ रोजी कॅमेऱ्यांचा अधिकार संपला. यंत्रे खांबांवर तशीच होती, वेग मोजतही होती. नोटीस तेवढी पाठवता येत नव्हती. पहिल्या दोनेक आठवड्यांतच लाखाहून अधिक वाहनांनी मर्यादा ओलांडल्याचे शहराने जाहीर केले. मुलांच्या जिवाशी निगडित व्यवस्था पक्षीय ओढाताणीत बंद पडू देणे, हे कुठल्याही सभागृहाला शोभणारे नव्हते.

ऑगस्टअखेर राज्यपाल अँड्र्यू क्युओमो यांनी आणीबाणीचा आदेश काढला, परिषदेने घाईने स्थानिक कायदा केला आणि शाळा उघडताना कॅमेरे पुन्हा दंड करू लागले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत सिनेटचे बहुमत बदलले. जे वर्षभर अशक्य होते ते २०१९ च्या वसंतात झाले : ठिकाणे ७५०. रात्री आणि शनिवार-रविवारी कॅमेरे चालू ठेवण्याची मुभा मात्र १ ऑगस्ट २०२२ पासून मिळाली.

वेगमर्यादेची कथा आणखी बोलकी आहे. २०१३ साली ब्रुकलिनमध्ये बारा वर्षांचा सॅमी कोहेन एकस्टाइन गाडीखाली सापडून गेला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा शहराला मर्यादा ताशी २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरवर आणू देतो. २०२३ साली परिषदेने विनंतीचा ठराव केला, सिनेटने विधेयक मंजूर केले आणि असेम्ब्लीत ते मतदानालाच आले नाही. सॅमीच्या आईने आणि अपघातांत आप्त गमावलेल्या इतर कुटुंबांनी ऑल्बनीच्या खेपा सोडल्या नाहीत. अखेर २०२४ च्या एप्रिलमध्ये हा कायदा राज्याच्या अर्थसंकल्पाबरोबर मंजूर झाला.

अर्थसंकल्पाच्या विधेयकांत असे विषय का घुसवले जातात आणि न्यूयॉर्कच्या महापौरांना दरवर्षी ऑल्बनीच्या समितीपुढे पैशांसाठी का बसावे लागते, ते पुढच्या लेखांकात.