शेतकऱ्याचें उतारवय

म्हातारपण सुखाचें जावयाचें तर दोन गोष्टी शेतकऱ्याच्या हातीं राहिल्या पाहिजेत: अंगांतील बळ आणि जमिनीवरील हक्क.

साठीनंतर पुष्कळजण कारभार मुलांच्या हवालीं करून ओट्यावर बसतात. विसावा योग्यच, परंतु सर्वस्वीं बैठेपणा शरीरास मानवत नाहीं. वयोमानानें स्नायु झिजतातच. हालचाल थांबली म्हणजे ती झीज वाढते, तोल जातो, आणि एका पडण्यानें खुब्याचें हाड मोडून माणूस अंथरुणास खिळतो. यास्तव अवजड कामाचा भार सोडावा, काम सोडूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितल्याप्रमाणें वृद्धांनीं आठवड्यांतून निदान १५० मिनिटें मध्यम श्रम करावेत, आणि तीन दिवस बळ व तोल राखणारा व्यायाम करावा. शिवारांत झपझप फेरी आणि परसांतील खुदाई हे श्रम त्यांतलेच होत. भूक मंदावली तरी डाळ, उसळ, दूध ताटांत असावें.

आतां हक्काविषयीं. मायेपोटीं सर्व जमीन मुलांच्या नांवें करून कित्येक वृद्ध परावलंबी होतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीं २००७ सालीं झालेल्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणें, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवितां येते. म्हणून बक्षीसपत्रांत ही अट स्पष्ट शब्दांत लिहवावी. यांत मुलांवर अविश्वास नाहीं. शेजाऱ्याशीं कितीही सख्य असलें तरी आपण शेताला बांध घालतोंच. किंबहुना त्या बांधामुळेंच सख्य टिकतें.