शिंपल्यातून निघतो तो चुना

कालवं, तिसऱ्या खाऊन झाल्या की कवचं उरतात. रायगडच्या किनाऱ्यावर बहुतेक खडक काळा, नाहीतर जांभा. त्यामुळे चुना भाजणाऱ्यांना खाडीतले शिंपलेच कामी येत. शिंपल्यांचा एक थर, कोळशाचा किंवा लाकडाचा एक थर, अशी भट्टी रचून पेटवायची. साधारण ९०० अंश सेल्सिअसला शिंपल्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. शुद्ध कार्बोनेट १०० किलो असेल, तर चुनकळी मिळते ५६ किलो.

चुनकळीवर पाणी ओतलं की ती तडकते, फुगते, वाफा सोडते. खाली जाळ नसताना पाणी उकळू लागतं! हा विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषतो आणि हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. म्हणून तो वाळूबरोबर घाणीत मळून बांधकामात वापरत. दिवाळीआधी घराला चुन्याचा हात देण्यातही शहाणपण होतं, कारण तीव्र अल्कलीत जंतू आणि बुरशी टिकत नाहीत. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा विडाही चुन्यावाचून रंगत नाही. तंबाखूत मात्र हाच चुना निकोटीन मोकळं करतो आणि ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात जातं.

खरी धास्ती डोळ्याची. टपरीवरची चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलांच्या हाती लागते, दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. अशा इजा देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी वारंवार नोंदवल्या आहेत. आम्लापेक्षा अल्कली अधिक घातक, कारण ती पेशींची आवरणं विरघळवत आत शिरत राहते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पांढरा पडून दृष्टी कायमची जाऊ शकते.

अशा वेळी दूध, तूप, गुलाबपाणी यातलं काहीच घालू नये. आंबट घालून चुना मारण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ पाण्याची धार लगेच धरावी, निदान अर्धा तास. मूल रडेल, डोळा घट्ट मिटेल. पापण्या बोटांनी उघड्याच ठेवाव्यात. चुन्याचे कण पापणीखाली दडतात आणि तिथून भाजत राहतात, ते डॉक्टरच नीट काढू शकतात. रिक्षा शोधायची ती धुणं सुरू झाल्यावर, आणि वाटेसाठी पाण्याची बाटली सोबत घ्यावी.