तान्ह्याची निद्रा

“मूल रात्री डोळ्याला डोळा लागू देत नाही,” ही तक्रार बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी आमच्याकडे येणाऱ्या अनेक तरुण मातांच्या मुखी असते. शेजारीण सांगते, “आमचे तर दोन महिन्यांतच शहाण्यासारखे निजू लागले!” ते ऐकून ही बिचारी आपलेच काही चुकते आहे असे समजते व मनात झुरते. अशा मातांसाठी, आणि त्यांहून अधिक त्यांच्या पतींसाठी, हे चार शब्द.

प्रथम निसर्गाचा क्रम ध्यानी घ्यावा. नवजात बालक अहोरात्रीत १४ ते १७ तास निजते. परंतु एका वेळी दोन-चार तासच. त्याचे पोट इवलेसे असल्याने २४ तासांत त्यास ८ ते १२ वेळा दूध लागते. रात्र आणि दिवस यांतील भेद त्याच्या शरीरास दोन-तीन महिन्यांनी उमगू लागतो. तोवरचे जागरण हा मुलाचा हट्ट नव्हे आणि आईचा दोष तर नव्हेच नव्हे.

चांगली सवय लागते ती धाकाने नव्हे, नित्यक्रमाने. दिवसा घरात उजेड व नेहमीची वर्दळ असू द्यावी. रात्री मंद दिवा ठेवावा, दूध पाजावे, लंगोट बदलावा, खेळणे-बोलणे नको. सायंकाळी दूरदर्शन व मोबाईल बंद करून कुटुंबाने जपमाळ म्हणावी. मग बाळाचे अंग पुसणे, दूध, अंगाई, हाच क्रम रोज राखावा. तीन-चार महिन्यांनंतर डोळे जडावताच, पण ते पुरते मिटण्यापूर्वी, बाळास अंथरुणावर ठेवावे. म्हणजे मांडीवाचूनही निजणे ते हळूहळू शिकते. झोपेत जरा चुळबुळले तर लगेच उचलू नये, क्षणभर थांबावे. मात्र भुकेने वा दुखण्याने रडणाऱ्या तान्ह्यास रडत ठेवणे ही शिस्त नव्हे.

निजवण्याच्या रीतीवर तर कधी कधी बाळाचे प्राण अवलंबून असतात. वर्षाचे होईपर्यंत बाळास दर वेळी उताणेच निजवावे. पालथे नको, कुशीवरही नको. अमेरिकेत १९९४ साली याविषयी मोठी लोकजागृती सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत तान्ह्यांचे झोपेतील आकस्मिक मृत्यू निम्म्याने घटले. अंथरूण सपाट व घट्ट असावे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली मोहरीची उशी, मऊ गोधडी, तोंडावर येणारे दुपटे ही सारी दूर ठेवावीत. झोळीत मान वाकून हनुवटी छातीस टेकते व श्वास कोंडू शकतो. बाळंतिणीच्या खोलीतील धुरी आणि वडिलांची विडी-सिगारेट या दोहोंचा धूर कोवळ्या फुप्फुसांस अपायकारक होय. बाळाचे अंथरूण आईच्या खोलीतच, पण वेगळे असावे. मद्य प्यालेल्या माणसाने तर त्याच्या शेजारी कदापि निजू नये.

आणखी एक गोष्ट. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माता कामावर जाताना तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत. त्या मातांस आम्ही बोल लावीत नाही. त्यांच्या मदतीस कोणी नव्हते. परंतु आजही “थोडेसे औषध दिले की शांत निजते” असा सल्ला देणारे भेटतात. डॉक्टरांच्या आज्ञेवाचून झोपेचे वा सर्दीचे कोणतेही औषध बाळाच्या ओठी लावू नये. ती झोप नसते, ती गुंगी असते.

खरे औषध म्हणजे मदतीचा हात. मत्तयच्या शुभवर्तमानात संत योसेफ रात्रीच उठला आणि बालकाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देशास निघाला. “मी दिवसभर दमलो आहे,” असे तो म्हणाला नाही. आमच्या धर्मग्रामातील पित्यांनी एवढे जरी केले, म्हणजे दूध पाजून झाल्यावर बाळास खांद्यावर घेतले, लंगोट बदलला व पत्नीस दोन तास निजू दिले, तरी घरात आजारपण आणि भांडण दोन्ही कमी होतील. सासूबाईंनीही सकाळी “रात्री कितीदा उठलीस?” असे न विचारता “जा, जरा पड,” असे म्हणावे.

ज्या घरात थकलेल्या आईला विसावा मिळतो, त्या घरातील बाळही लवकर स्वस्थ निजू लागते.