ओंजळ आणि रांजण

रात्री गच्चीवर जाऊन चांदण्यांकडे पाहत बसणं हे कवीचं काम आहे, असा लोकांचा समज असतो. मी तीसेक वर्षं कविता लिहितो आहे. चांदण्यांचा उल्लेख त्यांत किती वेळा आला असेल, देव जाणे. पण खरं सांगायचं तर मला सप्तर्षी, मृग आणि कृत्तिका यांपलीकडे आकाशातलं काही ओळखता येत नव्हतं. ते जे थोडंफार आलं, ते भाच्यामुळे. आणि तेही एका भांडणातून.

भाचा पुण्यात नोकरीला आहे. पगारातले पैसे साठवून त्याने एक दुर्बीण घेतली. फार मोठी नाही, समोरचं भिंग ८० मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. एकदा तो घरी आला तेव्हा त्याने मला फोनवर एक फोटो दाखवला. मधोमध तिरकी ठेवलेली तेजाची तबकडी, आणि तिच्या शेजारी निळसर कमान. तबकडी म्हणजे देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. मी म्हटलं, "छान आहे, पण रंग भरलेत. असं काही आकाशात नसतं." तो दुखावला. म्हणाला, "मामू, हा रंगवलेला फोटो नाही, हा हिशेब आहे. डिसेंबरातल्या अमावास्येला तुमच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन येतो. स्वतःच बघा."

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, लहानसं. पुण्याइतका उजेड इथे नाही. ठरल्याप्रमाणे तो चार दिवसांची रजा काढून आला.

पहिला धडा साध्या डोळ्यांचा होता. त्याने अर्धा तास मला अंधारात बसवलं. फोन बघायचा नाही, दिवा लावायचा नाही. मग उत्तरेकडे, जवळजवळ डोक्यावर बोट दाखवलं. काही दिसेना. तो म्हणाला, "सरळ बघू नका, थोडं बाजूला बघा." आणि खरोखर, नजर जराशी तिरकी केल्यावर एक धुरकट ठिपका उमटला. सरळ पाहिलं की नाहीसा होई. कारण असं की, मंद उजेड टिपणाऱ्या पेशी आपल्या डोळ्याच्या मध्यभागी नसतात, कडेला असतात. त्या पेशींना रंग मात्र कळत नाही. म्हणून अंधारातलं जग आपल्याला राखाडी दिसतं.

हाच ठिपका इस्फहानच्या अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इसवी सन ९६४ च्या सुमारास आपल्या स्थिर ताऱ्यांवरच्या अरबी ग्रंथात नोंदवला आहे. त्यांनी त्याला 'लहान ढग' म्हटलं. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, कारण ती यायला अजून साडेसहाशे वर्षं होती. नुसता डोळा, काळोख आणि सबूर एवढ्या भांडवलावर त्यांनी तो ढग पाहिला. देवयानी दीर्घिकेची आज आपल्याला ठाऊक असलेली ही सर्वांत जुनी लेखी नोंद.

आता माझा प्रश्न होता की, डोळ्याला जो नुसता धूर दिसतो, त्यात कॅमेऱ्याला तबकडी, कमान आणि रंग कुठून दिसतात?

उत्तर सोपं आहे. डोळा म्हणजे ओंजळ. तिच्यात उजेड पडतो आणि सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात ती रिकामी होते, पुन्हा भरायला लागते. तुम्ही तासभर टक लावून पाहिलंत तरी पहिल्या क्षणी पाहिलं त्याहून जास्त उजेड साठत नाही. कॅमेरा म्हणजे रांजण. झाकण उघडं ठेवा, थेंब थेंब उजेड पडत राहतो आणि साठत जातो.

शिवाय रांजणाचं तोंडही मोठं. अंधारात माझ्या वयाच्या माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर ५ मिलिमीटर उघडते. ८० मिलिमीटरचं भिंग त्याच्या सोळा पट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने सोळा गुणिले सोळा, २५६ पट. चहाच्या बशीएवढं भिंग, पण माझ्यासारखे अडीचशे डोळे एकदम लावल्यासारखं.

एक अडचण मात्र आहे. पृथ्वी फिरते. आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे दोन मिनिटांत पूर्ण चंद्राच्या रुंदीइतकं. दुर्बीण नुसती तिवईवर ठेवून झाकण उघडलं तर ताऱ्यांच्या रेघा उठतील. म्हणून दुर्बीण एका फिरत्या यंत्रावर बसवतात. त्याचा आस ध्रुवाकडे रोखायचा, मग छोटी मोटर पृथ्वीच्या उलट दिशेने, तिच्याच वेगाने दुर्बीण फिरवते. आमच्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर असतो. भाच्याने गच्चीच्या कठड्याआड जवळजवळ लोटांगण घालून तो साधला. नेमक्या त्याच वेळी अम्मी वर आल्या आणि म्हणाल्या, "याला काय झालं?"

हे काम एकाच लांबलचक फोटोने का करत नाहीत? वारा येतो, विमान जातं, कृत्रिम उपग्रह रेघ ओढून जातो, भिंगावर दव बसतं. म्हणून पाच-पाच मिनिटांचे पुष्कळ फोटो घेतात आणि नंतर संगणकावर एकावर एक रचून त्यांची सरासरी काढतात. विमान एकाच फोटोत असतं, बाकीच्यांत नसतं, तेव्हा संगणक ते बाजूला काढतो.

पण रचण्याचं खरं कारण वेगळंच आहे. कॅमेऱ्यात उजेडाबरोबर एक खरखरही येते, जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की येते तशी. फोटोवर ती वाळूच्या कणांसारखी दिसते. कल्पना करा, पत्र्याच्या छपराखाली पाऊस वाजतो आहे आणि कोणीतरी हलक्या आवाजात एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतं आहे. एकदा ऐकून कळणार नाही. पण शंभर वेळा ध्वनिमुद्रण करून सगळी एकावर एक ठेवलीत, तर ओळ दर वेळी तीच असल्यामुळे ती वाढत जाईल. पावसाचा आवाज दर वेळी वेगळा, तो आपापसांत कापला जाईल. गणित असं की, शंभर फोटो रचले तर चित्र शंभर पट नव्हे, दहा पट स्वच्छ होतं. त्याच्या दुप्पट स्वच्छ हवं असेल तर दोनशे नव्हे, चारशे फोटो लागतात. सबुरीचं फळ मिळतं, पण हात राखून मिळतं.

आता त्या निळ्या कमानीकडे येऊ. देवयानी दीर्घिकेचे फोटो लोक सव्वाशे वर्षांहून जास्त काळ घेत आहेत. १८८८ च्या डिसेंबरात लिव्हरपूलजवळ आयझॅक रॉबर्ट्स यांनी २० इंची आरशाच्या दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोत तिचे सर्पिल वळसे दिसले. रॉबर्ट्स धंद्याने इमारत बांधणारे, आकाश हा त्यांचा छंद. तेव्हा अनेकांना वाटलं की ही नव्याने जन्मणारी एखादी सूर्यमाला असावी. फोटो खरा होता, अर्थ चुकला होता. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे एडविन हबल यांनी १९२३ च्या ऑक्टोबरात माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोंवरून पुढे सिद्ध झालं.

त्यानंतर मोठमोठ्या वेधशाळांनी तिचा कोपरान्‌कोपरा टिपला. नवं काही उरलं नसेल, असं कोणालाही वाटलं असतं. आणि २०२२ मध्ये मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सँटी या जर्मनी-फ्रान्समधल्या तीन हौशी मंडळींना तिच्या शेजारी ती कमान सापडली. लांबी आकाशात तीन चंद्र ओळीने ठेवावेत एवढी. दुर्बीण १०६ मिलिमीटर भिंगाची, म्हणजे भाच्याच्या दुर्बिणीची थोरली बहीण. वीसहून अधिक रात्री आणि एकूण शंभराहून अधिक तासांचे फोटो. इतरांच्या स्वतंत्र फोटोंतही कमान आली, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये शोध रीतसर प्रसिद्ध झाला. ती देवयानीची सोबतीण आहे की आपल्याच आकाशगंगेतला, मधल्या वाटेवरचा वायू आहे, यावर शास्त्रज्ञांत वाद झाले.

मोठ्या दुर्बिणींना ती का दिसली नाही? एक तर त्या आकाशाचा फार लहान तुकडा एका वेळी पाहतात. हत्तीला नाक लावून उभं राहिलं तर हत्ती दिसत नाही. दुसरं म्हणजे ही कमान जवळजवळ एकाच प्रकारच्या उजेडात दिसते. तापलेल्या विरळ ऑक्सिजनचा निळा-हिरवा उजेड, तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. तेवढाच अरुंद पट्टा आत सोडणारा फिल्टर लावला आणि खूप तास थांबलं, तरच ती येते. इतके तास मोठ्या दुर्बिणीवर कोणाला मिळणार? तिथे वेळेसाठी रांग असते. हौशी माणसाकडे मोठं भिंग नसतं, पण रात्री स्वतःच्या असतात.

आणि रंगांचं? हा कॅमेरा मुळात रंग जाणत नाही. ऑक्सिजनच्या फिल्टरमधून जे आलं त्याला निळा, हायड्रोजनच्या फिल्टरमधून आलं त्याला लाल, असा रंग नंतर देतात. माझं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर होतं. पण उजेड कुठे आहे आणि किती आहे, ते मात्र मोजलेलं असतं. तिथे मनाने एक ठिपकाही घालायचा नसतो.

तर पहिल्या रात्री भाच्याने तोच ऑक्सिजनचा फिल्टर लावून कमान धरायचं ठरवलं. पहिले फोटो आले आणि त्याचा चेहरा पडला. प्रत्येक फोटोच्या एका कोपऱ्यात मळकट उजेड चढला होता. फिल्टरही त्याला पुरा अडवू शकत नव्हता. आम्ही चंद्र शोधला, तो नव्हता. रस्त्यावरचा दिवा शोधला, तो दूर होता. शेवटी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, तर दिवा माझाच.

दोन वर्षांपूर्वी अम्मी रात्री परसात घसरून पडल्या. त्यानंतर मी मागच्या भिंतीवर एक पांढराशुभ्र, झगझगीत एलईडी दिवा लावून घेतला होता. तो रात्रभर जळे. त्याचा निम्मा उजेड परसात आणि निम्मा आभाळात जात होता, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. भाचा म्हणाला, "बंद करा ना, मामू." मी बंद केला. तासाभराने अम्मी चाचपडत मागच्या दाराशी आल्याचा आवाज आला आणि मी धावत जाऊन पुन्हा लावला. त्या रात्रीचे सगळे फोटो फुकट गेले.

मला तेव्हा राग आला. म्हातारीचा पाय महत्त्वाचा की पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड? पण सकाळी भाच्यानेच मार्ग काढला. बाजारातल्या पत्रे कापणाऱ्याकडून दिव्याला वरून आणि बाजूंनी टोपी करून आणली. बल्ब बदलून कमी वॅटचा, पिवळसर लावला. संध्याकाळी पाहतो तर परसातली फरशी आधीपेक्षा नीट दिसत होती, कारण दिवा डोळ्यांवर येत नव्हता. अम्मी म्हणाल्या, "आधीच असा का नाही लावला?"

दिवा आणि काळोख यांत एकच काही निवडायचं असतं, हा माझा गैरसमज त्या दिवशी गेला. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळाला, भारतात पहिला. तिथेही गावं अंधारात ढकललेली नाहीत. आसपासच्या गावांतल्या रस्त्यांवरचे दिवे खाली तोंड करून बसवले, एवढंच. रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला उजेड रस्त्यावर हवा असतो, ढगांवर नव्हे.

पुढच्या तीन रात्रींत मिळून १३ तास झाले. पाच-पाच मिनिटांचे १५६ फोटो. शेवटच्या दुपारी भाच्याने ते रचले. दीर्घिकेची तबकडी लख्ख उमटली होती. तिच्या बाजूला, जिथे कमान असायला हवी तिथे, काहीतरी होतं. आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. मी म्हटलं, "आली की! जरा उठाव दे, म्हणजे दिसेल."

त्याने मान हलवली. "उठाव दिला की खरखरीचीही कमान होते, मामू. जे हवं आहे तेच दिसायला लागतं. अजून वीसेक तास तरी लागतील."

कविता लिहिणाऱ्या माणसाला हे ऐकायला बरं वाटलं नाही. जरासा उठाव देऊन मी आयुष्यात बरंच काही छापून मोकळा झालो आहे.

तो फोटो त्याने कोणाला दाखवला नाही. १५६ तुकडे जपून ठेवले आहेत. पुढच्या डिसेंबरात येऊन त्यांतच भर घालणार आहे, कारण या हिशेबात जुनी रात्र वाया जात नाही. दिव्याची टोपी तशीच आहे. शेजारच्यांनी विचारलं तेव्हा त्यांनाही त्याच माणसाकडे पाठवलं. आता आमच्या आळीत असे तीन दिवे झाले आहेत.