गोगलगाय, संविधान आणि हसण्याची मुभा

स्मरण हा आता आपल्याकडे प्रशासनाचा विषय झाला आहे. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन २०१५ पासून, १४ ऑगस्ट हा फाळणी वेदना स्मृतिदिन २०२१ पासून आणि २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ २०२४ पासून. हुतात्मा दिनाची ३० जानेवारी तर फार जुनी. सकाळी अकराला दोन मिनिटे काम थांबवायचे, शक्य असेल तेथे भोंगा वाजवायचा, इतक्या तपशिलाचे आदेश दरवर्षी खाली येतात. ज्याने सरकारी कचेरीत दिवस काढले आहेत त्याला त्या दोन मिनिटांतली शांतता ठाऊक असते आणि त्या शांततेत कोणाच्या तरी टेबलावरचा दूरध्वनी खणखणू लागल्यावर सगळ्या विभागाला दाबावे लागणारे हसूही ठाऊक असते. ते हसू गांधीजींविषयी अनादराचे असते, असे मला कधी वाटले नाही. आदेशाने आणलेले गांभीर्य फार पातळ असते, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न असा की, जे आठवण्याची आपल्याकडून अपेक्षा असते त्यावर विनोद करावा काय? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा प्रश्न थोडा उलटा वाटतो. भारतात मोठ्या घटनांच्या पहिल्या नोंदींत विनोद बहुतेक वेळा हजर असतो. समारंभ नंतर येतात.

आणीबाणीचेच पाहा. २५ जून १९७५ च्या रात्री घोषणा झाली आणि प्रसिद्धिपूर्व तपासणी सुरू झाली. २८ जूनला मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छोट्या जाहिरातींच्या रकान्यात एक निधनवार्ता छापून आली. दिवंगताचे आडनाव आणि आद्याक्षरे जोडून वाचली की ‘डेमॉक्रसी’ होत असे. पत्नी सत्य, अपत्य स्वातंत्र्य आणि मागे श्रद्धा, आशा, न्याय ही भावंडे. पैसे भरून दिलेली जाहिरात होती ती. अग्रलेखाची जागा कोरी सोडणारी वृत्तपत्रेही त्या आठवड्यात होती आणि त्यांचे धैर्य मोठेच. पण त्या घटनेची पहिली अचूक नोंद कोणती असे कोणी विचारले, तर मी त्या रकान्याकडे बोट दाखवीन. पुढे १० डिसेंबर १९७५ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचे चित्र आले : राष्ट्रपती न्हाणीच्या टबात बसून वटहुकमावर सही करून तो दाराबाहेरच्या हाती देत आहेत. अबू तेव्हा राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते, ही त्यातली आणखी एक गंमत. घटनात्मक प्रमुखाच्या सहीची त्या काळात काय किंमत उरली होती, हे सांगायला मला अजून दुसरे इतके नेमके साधन सापडलेले नाही.

फाळणीवर हसणे मात्र अशक्यच, असे वाटते. पण सआदत हसन मंटो यांनी १९४८ मध्येच ‘सियाह हाशिये’ लिहिले. दंगलीतल्या लुटीचे आणि खुनाचे दोन-चार ओळींचे प्रसंग, काही तर चुटक्यांच्या घाटाचे. पुरोगामी लेखकांना ते रुचले नाही. प्रेतांच्या राशीजवळ उभे राहून हा माणूस थट्टा करतो, असा त्यांचा रोख होता. मला मंटोंची बाजू पटते आणि तिचे कारण साहित्यिक नसून कार्यालयीन आहे. फाळणीची तयारी ३ जून ते १५ ऑगस्ट १९४७ या ७३ दिवसांत उरकण्यात आली. रोकड शिलकेत साडेसतरा टक्के वाटा पाकिस्तानचा, जंगम मालमत्तेत ढोबळमानाने ऐंशीस वीस. टेबले, खुर्च्या, टंकलेखन यंत्रे यांच्या याद्या झाल्या. पुढे १९५० मध्ये दोन्ही देशांनी मनोरुग्णालयांतील रुग्णांचीही धर्मानुसार अदलाबदल केली. ‘टोबा टेकसिंह’ ही मंटोंची कथा अतिशयोक्तीची वाटते ती फाइली न पाहिलेल्यांना. ज्यांनी त्या वाहिल्या त्यांनी हाच मजकूर ‘सादर’, ‘मान्य’ आणि ‘तातडीचे’ अशा शब्दांत लिहिला होता. मंटोंनी फक्त शिक्के काढून टाकले.

काळ लोटला की विनोद निर्धोक होतो, असे एक मत आहे. ते खरे नाही. चौदाव्या शतकातला मुहम्मद तुघलक आज साऱ्या देशाचा विनोदाचा विषय आहे. दौलताबादला राजधानी हलवण्याची हकीकत कोणत्याही फसलेल्या निर्णयाला जोडता येते आणि चो रामस्वामी यांनी तर १९७० मध्ये आपल्या तमिळ नियतकालिकाला त्याचेच नाव दिले. मराठीत निवडणुकीत धूळधाण झालेल्या पक्षाचे ‘पानिपत’ होते आणि कोणाच्या भावना दुखावत नाहीत, जरी १७६१ च्या त्या संक्रांतीला घरोघरी सुतक आले होते. याउलट त्यांच्या मधल्या काळातल्या काही राजांविषयी तिरकस वाक्य लिहिण्यापूर्वी संपादक वकिलाला विचारतो. म्हणजे अंतर वर्षांचे नसते. घटना आज कोणाच्या कामाची आहे, यावर ते ठरते. तुघलकाच्या नावाने कोणी मते मागत नाही, म्हणून तो आपल्याला मोकळा सापडला आहे.

या सगळ्यात अवघड प्रकरण २०१२ चे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात, २००६ पासून, शंकर यांचे १९४९ चे एक व्यंगचित्र होते. संविधान नावाच्या गोगलगायीवर हाती चाबूक घेतलेले डॉ. आंबेडकर बसले आहेत, मागे नेहरूही चाबूक उगारून उभे आहेत आणि भोवती जनता पाहते आहे. खाली प्रश्न होता : संविधान सभेला एवढा वेळ का लागला असावा? मे २०१२ मध्ये संसदेत वादळ उठले. मंत्र्यांनी चित्र काढून टाकण्याचे जाहीर केले, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी मुख्य सल्लागारपद सोडले आणि दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या समितीने आणखी अनेक व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली. समितीतले एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदवले.

विरोध करणाऱ्यांना विनोदबुद्धी नव्हती, असे तेव्हा इंग्रजी पानांवर बरेच लिहिले गेले. मला ते उथळ वाटले. ज्या घरात चाबूक हे व्यंगचित्रातले चिन्ह नसून आजोबांच्या पाठीवरची खूण आहे, त्या घरातला मुलगा ते पान उघडतो तेव्हा त्याच्याबरोबर चाळीस जण हसतात आणि ते कशाला हसतात हे त्याला बरोबर कळते. शंकर यांनी दोन्ही चाबूक गोगलगायीसाठी काढले असतील. पण वर्गात चित्रकार हजर नसतो, शिक्षक असतो. तो शिक्षक कसा आहे यावर सारे अवलंबून, आणि नेमक्या त्या मुद्द्यावर कोणी समिती नेमली नाही. चित्र गेले आणि त्याबरोबर त्याच्याखालचा प्रश्नही गेला. वर्गातले हसणे मात्र पुस्तकाच्या आधाराने चाललेले नव्हतेच.

कायद्याकडे जाण्याचा मार्ग मला याहूनही कमी पसंत आहे. समाजगटांत वैर वाढवणे किंवा धार्मिक भावना दुखावणे, ही कलमे पूर्वी १५३अ आणि २९५अ होती, आता न्याय संहितेत १९६ आणि २९९ आहेत. त्यांखाली न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी शासनाची मंजुरी लागते. ही तरतूद शहाणपणाची आहे, फिर्यादींच्या लोंढ्याला तो बांध आहे. पण मंजुरी लागते ती दखलीसाठी, अटकेसाठी नव्हे. चुटका सांगणारा आधी कोठडीत जातो, त्याचा भ्रमणध्वनी जप्त होतो आणि मंजुरीचा प्रस्ताव त्यानंतर सवडीने मंत्रालयाचे मजले चढत राहतो. तो नामंजूर झाला तरी गेलेले महिने कोण परत देणार? आणि ज्या कक्ष अधिकाऱ्यापुढे ती फाइल येते त्याने ठरवायचे तरी काय? हा विनोद मृतांवर आहे की मारणाऱ्यांवर? मंटो वाचताना समीक्षकांचे जेथे एकमत झाले नाही तेथे त्याने ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन पर्याय ठेवून टिपणी सादर करायची असते.

संविधान तयार होण्याच्या संथपणावर थट्टा करणारे शंकर एकटे नव्हते. संविधान सभेचेच एक सदस्य नझिरुद्दीन अहमद यांनी ‘ड्राफ्टिंग कमिटी’ला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ म्हटले होते, म्हणजे प्रवाहावर वाहत जाणारी समिती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी त्याला उत्तर दिले. दोन वर्षे, अकरा महिने, सतरा दिवस हा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला. ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे सांगितले. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली होती, याची आठवण दिली. मग त्या कोटीकडे वळून ते म्हणाले की, सुकाणूवर ताबा ठेवून वाहणे वेगळे आणि ताबा सोडून वाहणे वेगळे. आपली समिती मासा लागला तर लागला म्हणून गळ टाकून बसलेली नव्हती, हवा तो मासा ओळखीच्या पाण्यात शोधत होती. सभागृहात या कोटीचा निषेध झाला नाही की ती कामकाजातून वगळली गेली नाही. कोटी आणि उत्तर दोन्ही छापील कामकाजात आज वाचायला मिळतात.

दरवर्षी संविधान दिनाला त्या भाषणातले दोन उतारे हमखास वाचले जातात, व्यक्तिपूजेविषयीचा आणि सामाजिक विषमतेविषयीचा. निवृत्तीनंतरही मी अशा अनेक कार्यक्रमांना पाहुणा म्हणून बसलो आहे. माशांचा उतारा अजून एकदाही ऐकलेला नाही.